‘नेट’ या एका शब्दावर पारखलेले इंग्रजी कोश: कोकणातल्या व्यवहाराला कोणता उपयोगी?

इंग्रजीचा कोश विकत घेताना बहुतेक जण मुखपृष्ठावर छापलेला शब्दांचा आकडा बघतात. त्या आकड्यावरून कोशाची योग्यता कळत नाही. अवघड, लांबलचक शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठल्याही कोशात सापडतो. कोशाचा कस लागतो तो रोजच्या, छोट्या शब्दावर. म्हणून या परीक्षणासाठी इंग्रजीतला तीन अक्षरांचा ‘नेट’ घेतला आहे. किनारपट्टीवर हा शब्द बंदरात आहे, वजनकाट्यावर आहे, आमरसाच्या डब्यावर, होमस्टेच्या दरपत्रकात, महावितरणच्या बिलात आणि मोबाइलच्या रिचार्जमध्येही आहे. प्रत्येक ठिकाणी त्याचं काम वेगळं आहे, आणि चुकीचा अर्थ धरला तर पैशाचं नुकसान होतं.

पारखलेली साधनं अशी: ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, केंब्रिजचा ऑनलाइन कोश, अमेरिकेचा मेरियम-वेबस्टर, ऑक्सफर्डचाच छापील इंग्लिश-इंग्लिश-मराठी कोश, राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि फोनमधली यांत्रिक भाषांतराची सोय. ज्यांना एकच हवा त्यांनी केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड लर्नर्सची ऑनलाइन आवृत्ती वापरावी. दोन्ही फुकट आहेत. मराठी प्रतिशब्द हाताशी हवा असेल तर जोडीला छापील इंग्लिश-इंग्लिश-मराठी घ्यावा. यांत्रिक भाषांतर सुट्या शब्दासाठी वापरू नये. ही शिफारस का, ते पुढे.

पहिली गोष्ट, ‘नेट’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. एक जुन्या इंग्रजीतला, म्हणजे जाळं. दुसरा फ्रेंच आणि इटालियनमधून आलेला, मूळ अर्थ स्वच्छ, आणि त्यावरून वजावट झाल्यावर जे चोख उरतं ते. इंग्रजी ‘नीट’, म्हणजे टापटीप, हा याच दुसऱ्या ‘नेट’चा भाऊ. मराठीतला ‘निव्वळ’ त्याला अर्थाने अगदी जवळचा आहे: गाळ, भेसळ, खर्च बाजूला काढून राहिलेलं. या दुसऱ्या ‘नेट’ला ब्रिटिश वळणात शेवटी दोन ‘टी’ लावायची पद्धत आहे आणि आपल्याकडच्या हॉटेलांच्या दरपत्रकांत ती अजून दिसते. जाळ्याच्या ‘नेट’ला मात्र दोन ‘टी’ कधीच लागत नाहीत. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ टळतो. मराठीतला ‘नेटाने’, ‘नेटका’ यांतला ‘नेट’ तिसराच. तो अस्सल मराठी आहे, इंग्रज येण्याआधीपासूनचा आहे, आणि त्याचा या दोघांशी संबंध नाही.

हे दोन शब्द कोश कसे मांडतो यावर वापरणाऱ्याची सोय ठरते. मेरियम-वेबस्टर अर्थ इतिहासाच्या क्रमाने देतो, म्हणजे जो अर्थ भाषेत आधी आला तो वर. अभ्यासकाला हे आवडतं, पण काउंटरवर घाईत बघणाऱ्याला फसवतं, कारण वरचा अर्थ आज सर्वांत जास्त चालणारा असेलच असं नाही. लर्नर्स कोश परभाषिकांसाठी बनवलेले असतात. ऑक्सफर्डचा हा कोश १९४८ सालापासून चालत आला आहे आणि त्यात नाम, विशेषण, क्रियापद यांची नोंद वेगळी मिळते. केंब्रिजमध्ये तर प्रत्येक अर्थगटाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत एखादा सोपा सूचक शब्द असतो. ‘नेट’सारख्या शब्दाला ही सोय फार मोलाची आहे. पूर्ण नोंद वाचायची गरज पडत नाही, सूचक शब्दांवरून नजर फिरवली की आपला गट सापडतो.

लर्नर्स कोशांत नामाच्या पुढे कंसात ‘सी’ आणि ‘यू’ ही खूण असते, मोजता येणारं आणि न येणारं. लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ‘नेट’ला ती खूण अर्थच सांगते. मोजता येणारं असेल तर ती वस्तू आहे: मासेमारीचं एक जाळं, मच्छरदाणी, बॅडमिंटनचं जाळं. न मोजता येणारं असेल तर तो जाळीचा कपडा आहे, वारावर मिळतो तसा. बागायतदार रोपांवर ओढतात त्या शेडनेटचा तागा या दुसऱ्या प्रकारात बसतो.

आता जाळ्यांकडे येऊ, कारण इथे लर्नर्स कोश कमी पडतात. मालवण, हर्णे किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर नुसतं ‘जाळं’ कोणी म्हणत नाही. रापण, पाग, डोल, पर्ससीन, ट्रॉल असं नावानिशी बोलतात. पर्यटकाला किंवा परदेशी संशोधकाला समजावायचं तर इंग्रजी नाव नेमकं हवं. पाग म्हणजे ‘कास्ट नेट’: एका माणसाने फेकायचं गोल जाळं, काठाला शिशाची वजनं. रापण म्हणजे ‘शोअर सीन’: होडीतून अर्धवर्तुळ टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. डोल म्हणजे ‘बॅग नेट’, भरतीओहोटीच्या ओढीत तोंड उघडं धरून बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. रायगड-पालघरकडचा बोंबील आणि जवळा त्यातला. मत्स्यशास्त्राच्या इंग्रजी लेखनात ‘डोल नेट’ हेच नाव रुळलं आहे, त्यामुळे तिथे भाषांतर करत बसू नये. ‘पर्स सीन’मधल्या ‘पर्स’चा अर्थ नाडीने तोंड आवळायची पिशवी: खालच्या कड्यांतून ओवलेला दोर खेचला की जाळ्याचा तळ बंद होतो आणि बांगड्याचा किंवा तारलीचा थवा आत राहतो. ‘गिल नेट’मध्ये मासा कल्ल्यांपाशी अडकतो, ‘गिल’ म्हणजे कल्ला.

लर्नर्स कोश शब्द निवडतात ते सामान्य वापरातल्या वारंवारतेवरून. त्यामुळे धंद्याचे शब्द त्यांत विरळ असतात. ‘पर्स सीन’ आणि ‘गिल नेट’ यांच्या स्वतंत्र नोंदी मेरियम-वेबस्टरमध्ये मिळतात, म्हणून बंदराशी संबंध असलेल्याने तो दुसरा कोश म्हणून ठेवावा. एक जोडशब्द सांभाळून वापरायचा: ‘ड्रॅगनेट’. शब्दशः ते ओढायचं जाळंच आहे, पण रोजच्या इंग्रजीत तो पोलिसांच्या मोठ्या शोधमोहिमेसाठी वापरतात. ‘नेट’ आणि ‘मेश’ यांतही गल्लत होते. ‘मेश’ म्हणजे जाळ्याचा आस, एक घर. नियमांत जे मिलिमीटरमधलं माप येतं ते आसाचं असतं, जाळ्याच्या लांबीरुंदीचं नव्हे. आस ताणून धरायचा आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर मोजायचं, त्याला ‘स्ट्रेच्ड मेश’ म्हणतात.

उलट दिशेने, म्हणजे कोकणातला मराठी शब्द हातात आहे आणि त्याचं इंग्रजी हवं आहे, अशा वेळी आजचे लहान कोश उपयोगाचे नाहीत. त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशच उघडावा. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात तो फुकट शोधता येतो. बोलीतले शब्द तिथे जपलेले आहेत. इंग्रजी मात्र त्या काळचं आहे, तेव्हा मिळालेला इंग्रजी शब्द आजच्या कोशात एकदा तपासल्याशिवाय फलकावर लिहू नये.

वजनाच्या बाबतीत कोशाची परीक्षा सोपी आहे: ‘नेट’च्या नोंदीत ‘ग्रॉस’कडे बोट दाखवलं आहे का? ऑक्सफर्ड लर्नर्स आणि केंब्रिज दाखवतात. हे महत्त्वाचं, कारण ‘नेट’ एकटा कधीच पूर्ण अर्थ देत नाही. काय वजा केलं, हे कळलं तरच तो कळतो. क्रेटसकट वजन ४२ किलो, रिकामी क्रेट २ किलो, तर ‘ग्रॉस’ ४२, ‘टेअर’ २, ‘नेट’ ४०. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ही तिन्ही नावं दिसतात. रिकामी क्रेट ठेवायची, ‘टेअर’चं बटण दाबायचं, आकडा शून्य होतो आणि ‘नेट’चा दिवा लागतो. मग मासळी भरायची. दिसेल ते नेट वजन. क्रेट उचलली की काटा उणे २ दाखवतो. तो बिघाड नव्हे.

चुका होतात त्या इथे. कोरड्या क्रेटवर टेअर घेतलं आणि पुढची क्रेट पाण्याने निथळणारी आली, तर पाणी मासळीच्या भावाने जातं. टेअर घेतल्यावर बर्फ टाकला, तर बर्फही नेटमध्ये धरला जातो. काटा बंद पडून पुन्हा सुरू झाला की बहुतेक काट्यांवर टेअर पुसलं जातं. ‘नेट’चा दिवा बघितल्याशिवाय आकडा लिहून घेऊ नये. गोठवलेल्या कोळंबीच्या पाकिटावर बर्फाचा पातळ थर असतो, त्याला ‘ग्लेझ’ म्हणतात. अन्नपदार्थांच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार नेट वजनात तो धरायचा नसतो. बर्फ वितळल्यावर कोळंबी कमी भरली तर भांडण याच एका शब्दावर होतं.

घरगुती उद्योगातल्या बायका कोकम सरबत, आगळ, फणसपोळी, काजूगर पाकिटबंद करून विकतात. त्यांना लेबलासाठी ‘नेट क्वांटिटी’ हा शब्दप्रयोग लागतो. पॅकबंद वस्तूंचे वैधमापन नियम २०११ चे आहेत आणि आवेष्टन वगळून आतल्या मालाचं प्रमाण लिहिणं त्यांत बंधनकारक आहे. सरबत मिलिलिटरमध्ये, काजू ग्रॅममध्ये. ‘सुमारे’, ‘किमान’, ‘सरासरी’ असे शब्द त्या आकड्याला जोडायचे नाहीत. छापील इंग्लिश-इंग्लिश-मराठी कोश इथे फार कामी येतो. इंग्रजी व्याख्या आणि मराठी प्रतिशब्द एकाखाली एक असल्याने ‘निव्वळ वजन’ हा शब्द डोळ्यांसमोर येतो आणि व्याख्येमुळे तो का, हेही कळतं. नुसते प्रतिशब्द देणारे खिशातले कोश ‘जाळे, निव्वळ, पकडणे’ असे स्वल्पविरामाने जोडून मोकळे होतात. त्यांतून काहीच निवडता येत नाही. असा कोश फुकट मिळाला तरी घेऊ नये.

हिशेबाच्या इंग्रजीसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. राज्य शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर ते एकत्र शोधता येतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे विषयवारी. ‘नेट’ सगळीकडे ‘निव्वळ’ राहतो, पण त्याचा जोडीदार ‘ग्रॉस’ बदलतो: नफ्यापुढे ‘ढोबळ’, राष्ट्रीय उत्पन्नापुढे ‘स्थूल’, वजनापुढे साधं ‘एकूण’. बँकेच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल मराठीत लिहायचा असेल तर हे शब्द तिथूनच घ्यावेत, मनाने घडवू नयेत. उदाहरणवाक्यं मात्र तिथे मिळत नाहीत, त्यामुळे इंग्रजी शिकण्यासाठी हे कोश नव्हेत.

आता होमस्टेचं दरपत्रक. सगळ्या कोशांची खरी परीक्षा इथे झाली आणि इथे एकही कोश पुरेसा पडत नाही. कोश ‘नेट’चा अर्थ ‘वजावटीनंतरची रक्कम’ असा देतात, तो बरोबरच आहे. पण पर्यटनाच्या धंद्यात कोण कोणाशी बोलतो यावर तो फिरतो. मालक एजंटला ‘नेट रेट’ सांगतो तेव्हा तो मालकाच्या हातात पडायचा दर असतो, कमिशन काढून. पाहुण्याकडून ३,००० घेतले आणि ४५० कमिशन गेलं, तर नेट रेट २,५५०. हॉटेल मात्र पाहुण्याला ‘३,००० नेट’ म्हणतं तेव्हा अर्थ असतो की कर, सेवाशुल्क सगळं आत आलं, वर एक रुपयाही नाही. आणि हिशेबनिसाच्या कागदावर ‘नेट ऑफ टॅक्स’ आलं की कर वगळलेली रक्कम. एका ठिकाणी कर आत, दुसऱ्या ठिकाणी बाहेर. उपाय एकच: दरपत्रकावर ‘नेट’ लिहूच नये. ‘सर्व करांसह’ किंवा ‘कर वेगळा’ असं सरळ लिहावं, इंग्रजीतही ‘इन्क्लुसिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस’ असं पूर्ण लिहावं.

काजू किंवा आंब्याचा पल्प बाहेर पाठवणाऱ्यांना बिलावर ‘नेट ३०’ दिसतं. त्याचा वजनाशी संबंध नाही. बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पूर्ण रक्कम द्यायची, एवढाच अर्थ. ‘२/१०, नेट ३०’ असेल तर १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. डब्यावरचं ‘८५० ग्रॅम नेट’ आणि बिलावरचं ‘नेट ३०’ एकाच व्यवहारात येतात, म्हणून ही नोंद आधीच वाचून ठेवलेली बरी.

यांत्रिक भाषांतराबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आज बहुतेकांचा कोश तोच आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली, तेव्हापासून पूर्ण वाक्यांचं भाषांतर पूर्वीपेक्षा बरंच सुधारलं. वाक्य पूर्ण असेल आणि आजूबाजूला संदर्भ असेल तर ‘नेट’चा अर्थ यंत्र बहुधा बरोबर पकडतं. सुटा शब्द दिला की त्याच्याकडे निवडायला आधारच नसतो. तुकडा दिला तर धोका आणखी वाढतो. वादळानंतरच्या नुकसानीच्या अर्जात कोणी ‘नेट लॉस’ असं लिहिलं, तर त्यातून ‘निव्वळ तोटा’ निघण्याचीच शक्यता जास्त, कारण ते दोन शब्द जोडीने हिशेबाच्या मजकुरात येतात. लिहिणाऱ्याच्या मनात असतं जाळ्यांचं नुकसान. म्हणून तिथे ‘डॅमेज टू फिशिंग नेट्स’ असं लिहावं. अनेकवचन आणि ‘फिशिंग’ या दोन गोष्टींनी दुसरा अर्थ उरतच नाही. यंत्राने दिलेलं मराठी पुन्हा इंग्रजीत उलटवून बघावं. मूळ वाक्यापासून दूर गेलं असेल तर ते वापरू नये.

पाहुण्यांशी बोलताना एक तपशील. आपण ‘नेट आहे का’ म्हणतो ते इंटरनेटबद्दल. इंग्रजीत इंटरनेटला ‘द नेट’ म्हणतात, ‘द’ लागतोच, आणि आता तो वापर कमी होऊन लोक सरळ ‘वायफाय’ विचारतात. खोलीत उभा राहून परदेशी पाहुणा ‘इज देअर अ नेट’ म्हणाला तर त्याला मच्छरदाणी हवी आहे. ‘अ’ आणि ‘द’ यांच्यातला हा फरक ऑक्सफर्ड लर्नर्सच्या नोंदीत नीट दिसतो. क्रिकेटचा सराव इंग्रजीत ‘नेट्स’, अनेकवचनी. प्राध्यापकीची ‘नेट’ ही आद्याक्षरांची परीक्षा. तिचा कोशाशी संबंध नाही.

महावितरणचं ‘नेट मीटर’ हे दुसऱ्या ‘नेट’चं उत्तम उदाहरण आहे. छतावर सौर पॅनेल बसवल्यावर ग्रिडमधून घेतलेली वीज उणे ग्रिडला दिलेली वीज, म्हणजे नेट युनिट. ३०० घेतले, २२० दिले, तर ८०. पॅनेलने केलेली सगळी निर्मिती ‘दिलेली’ धरायची नसते. दिवसा घरात जी वापरली ती आधीच संपलेली असते. स्थिर आकार या वजाबाकीत येत नाही, तो भरावाच लागतो. कोशात हा जोडशब्द नसला तरी ‘निव्वळ’ हा अर्थ पक्का असेल तर बिल वाचता येतं.

क्रियापद म्हणून ‘नेट’ जाळ्यात पकडणं, निव्वळ कमाई करणं आणि गोल मारणं या तिन्हींसाठी चालतो. भूतकाळात ‘टी’ दुप्पट होतो. यांपैकी कोणता अर्थ, ते कर्मावरून ठरवायचं: मासळी असेल तर पहिला, रक्कम असेल तर दुसरा, गोल असेल तर तिसरा.

छापील कोश घ्यायला दुकानात गेलात तर ‘नेट’ची नोंद उघडा. विशेषणाची नोंद नामापासून वेगळी आहे का, किमान एक उदाहरणवाक्य आहे का, आणि ‘ग्रॉस’चा उल्लेख आहे का, एवढं बघा. तिन्ही नसेल तर परत ठेवा. कोकणात आणखी एक विचार करावा लागतो. लर्नर्स कोशांचा कागद अतिशय पातळ असतो. जून ते सप्टेंबरच्या दमटपणात पानं एकमेकांना चिकटतात, बांधणीला बुरशी धरते. कोश भिंतीला टेकवून ठेवू नये, आठवड्यातून एकदा पानं मोकळी करावीत, पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकचं आवरण घालावं. पावसाळ्यात टॉवर गेला की ऑनलाइन कोशही जातो. त्यासाठी भाषांतराच्या अॅपमध्ये डाउनलोड केलेल्या भाषांच्या यादीत मराठी आधीच उतरवून ठेवावी. हे काम मेमध्येच, वायफायवर उरकावं. नेटशिवाय चालणारं भाषांतर ऑनलाइनपेक्षा कच्चं असतं, तेव्हा पैशाच्या मजकुरावर त्याचा भरवसा धरू नये.